अंगठा ठेवा, मग वाचा

शैलाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एक लग्नपत्रिका टाइप करत होते. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. "वैशे, सर गेले गं," एवढंच ती बोलली. कोणते सर, असं मी विचारलंच नाही. शाळेत आम्हाला आठ-दहा सर होते, पण आम्ही दोघी 'सर' म्हणतो ते एकालाच. सोनवणे सर. घोडेगावच्या शाळेत आम्हाला आठवी ते दहावी मराठी शिकवायचे ते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, निमगाव सावाला आपल्या घरी राहून कांदा करत होते. सकाळी चहा घेतला, अंगणातल्या खुर्चीवर बसले, आणि... बसलेच. मी फोन ठेवला आणि पत्रिकेत नवरीच्या जागी नवऱ्याचं नाव टाइप करून टाकलं. मालकांनी बघितलं आणि ते काम दुसऱ्याकडं दिलं.

आता महिना होत आला. सरांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला आम्ही दोघी गेलो होतो. मांडव भरला होता, माणसं उन्हात उभी होती. भाषणं झाली. एकानं सरांना ऋषितुल्य म्हटलं, दुसऱ्यानं दीपस्तंभ, तिसऱ्यानं ज्ञानाचा अथांग महासागर. महासागर झाल्यावर शैलानं मला कोपरानं ढोसलं. मी तिच्याकडं बघितलंच नाही, कारण बघितलं असतं तर त्या मांडवात मला हसू फुटलं असतं. सरांच्या वर्गात हे तिन्ही शब्द पाच मिनिटंसुद्धा टिकले नसते! सर म्हणजे डावीकडं भांग, खिशाला दोन पेनं, आवाज फाटका, आणि खडूनं कायम पांढरा झालेला उजवा अंगठा. यात सागर कुठून आला? तेव्हाच ठरवलं की आपणच लिहायचं. भराभर लिहितेय, बोटं डोक्याच्या पुढं पळतायत, काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. मला रडत लिहायचं नाहीये. आम्ही जिंकलो होतो, राव! ते सांगायचंय.

आधी अंगठ्याचं सांगते. सर वर्गात आले की पहिलं वाक्य ठरलेलं. "पुस्तक उघडा. अंगठा ठेवा." म्हणजे काय, तर धड्यातलं एक वाक्य घ्यायचं, त्यातल्या एका शब्दावर अंगठा ठेवून तो झाकायचा, आणि उरलेलं वाक्य मोठ्यानं वाचायचं. मग सर विचारणार, "काय पडलं?" तो शब्द गेल्यामुळं वाक्यातनं काय खाली पडलं ते सांगायचं. काही पडलं नाही असं म्हटलं तर सर डोळे बारीक करायचे. "मंग लेखकानं तो उगीच घातला म्हणता? का तुमी बघितलंच न्हाई?" त्यावर अख्खा वर्ग पुन्हा अंगठा ठेवायचा. आमची पुस्तकं बघण्यासारखी झाली होती. पानापानावर तेलाचे, चिंचेचे, शेंगदाण्याच्या टरफलाचे ठसे. एका परिच्छेदाला आठवडा जायचा. दिवाळी तोंडावर आली की हेडमास्तर दारात उभे राहून विचारायचे, "सोनवणे, अजून तिसऱ्याच धड्यावर?" सर म्हणायचे, "न्हाई सर, दुसऱ्याच. पोरं आतमधी गेलीत, बाहेर यायला तयार न्हाईत." हेडमास्तर कपाळाला हात लावून निघून जायचे.

दुसरी गोष्ट सोमवारची. सोमवारी प्रत्येकानं घरचा एक शब्द आणायचा. पुस्तकातला नाही, पेपरातला नाही. चुलीपाशी, शेतात, धरणावर, कुणाच्या तरी तोंडातून आलेला हवा. आणि त्याचा अर्थ सांगायचा नाही, करून दाखवायचा. शैलानं एकदा 'वाफसा' आणला होता. रुमालात बांधून शेतातली मूठभर माती आणली, मुठीत दाबली, तिचा लाडू झाला. मग तो बाकावर टाकला तर भुसकन फुटला. "असं झालं का पेरायचं. लाडू झाला न्हाई तर कोरडी, फुटला न्हाई तर लई वली," ती म्हणाली. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी ती माती तशीच टेबलावर ठेवली. शिपाईमामा झाडायला आले तर त्यांनाही हात लावू दिला नाही.

मी 'निवळणं' आणलं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, धरणात मासेमारी करायचे आणि थोडी शेती करायचे. आल्या आल्या ते सांगायचे, "आज पाणी निवळलंय." मी लोणच्याच्या बरणीत गढूळ पाणी भरून नेलं आणि खिडकीत ठेवलं. आता निवळायला वेळ लागतो ना! अख्खा तास चाळीस पोरं त्या बरणीकडं बघत बसली. सरांनी दुसरं काही शिकवलंच नाही. घंटा व्हायच्या सुमाराला वरचं पाणी काचेसारखं झालं आणि खाली बोटभर गाळ बसला. पुढं कुठल्याशा धड्यात 'तिचा राग निवळला' असं वाक्य आलं. सरांनी विचारलं, "इथं 'राग गेला' असं का न्हाई लिवलं?" तर अख्खा वर्ग एका दमात ओरडला, "गाळ खाली हाय सर!" सरांनी खडू खाली ठेवला आणि दोन मिनिटं खिडकीतनं बाहेर बघत राहिले. तेव्हा वाटलं, आपलं काही चुकलं का... आता कळतं, खूश झाले होते.

आणि एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. नववीत एक धडा होता, त्यातली म्हातारी एका घरी काही मागायला जाते. त्यात एक वाक्य होतं, म्हातारी बोळाच्या तोंडाशी थांबली आणि चपला हातात घेऊन पुढं गेली. 'चपला हातात घेऊन' यावर सगळ्यांनी अंगठा ठेवला. काय पडलं? कुणी म्हणालं, चिखल असंल. कुणी म्हणालं, आवाज नको म्हणून. मी बसल्या जागी बोलून गेले, "सर, आमच्या आज्जीला वरच्या आळीतनं जाताना चपला हातात घ्याया लागायच्या. आमी बौद्ध व्हायच्या आधी. नंतर तिनं पायात घातल्या." शैला माझ्याच गावची, पण वरच्या आळीतली, जमीनजुमला असलेल्या घरची. तिनं मान खाली घातली. सर स्वतः आमच्यातलेच, त्यांना माहीत नसणार होय? एवढंच म्हणाले, "आता परत वाचा. सावकाश." आम्ही वाचलं. तेच वाक्य, तेच शब्द, पण आता त्या म्हातारीचे पाय दिसायला लागले. दुसऱ्या दिवशी शैला माझ्या बाकावर येऊन बसली. म्हणाली, "मी आमच्या म्हातारीला इचारलं. खरं हाय." तेव्हापासून आम्ही एका बाकावर. अजून आहोत, म्हणजे बाक नाही, पण आहोत!

आता मुद्द्यावर येते. आमचं गाव डिंभ्याच्या पुढं, धरणाच्या कडेला. तिथनं घोडेगावच्या शाळेत आम्ही पाच मुली जायचो. मुलं सायकली हाणत जायची, नाहीतर नातेवाइकांकडं राहायची. आम्हाला मात्र सकाळची सातची एसटीची गाडी. दुसरी गाडी अकराला, आणि ती घोडेगावला पोचेपर्यंत आमची निम्मी शाळा संपलेली. नववीची दिवाळीची सुट्टी संपली, आम्ही पाचजणी दप्तरं घेऊन फाट्यावर उभ्या राहिलो, आणि गाडी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं सांगितलं, ती फेरी बंद केली म्हणं.

काही दिवस चालत गेलो, काही दिवस दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मधे बसून. मग घराघरात बोलणी सुरू झाली. आमचे आबा वाईट माणूस नाहीत, पण ते म्हणाले, "वरीस पुरं कर. मंग बास. रोज बारा किलोमीटर जानं, बारा किलोमीटर येनं, वाटंत चिटपाखरू न्हाई. उद्या काय झालं म्हंजे?" त्यातच पिंपरी पेंढारचे पावणे मला बघून गेले होते, ते मला चुलतीकडून कळलं. मी चौदा वर्षांची होते. इतर चौघींच्या घरीही थोडंफार हेच. म्हणजे गाडी आली नाही तर पाचजणींची दहावी संपली, दहावी सुरू व्हायच्या आधीच!

आम्ही ठरवलं, डेपोला अर्ज करायचा. आणि सरांना आधी दाखवायचा नाही, गाडी आणून एकदम चकित करायचं. इथं एक कबुली देते. सोमवारच्या वहीच्या मागच्या बाजूनं शैलानं आणि मी आणखी एक यादी केली होती. तिचं नाव 'भारी शब्द'. सर पेपरातले शब्द घेत नाहीत म्हणून आम्ही ते चोरून जमवायचो. श्रद्धांजलीच्या जाहिरातींतले, सव्वीस जानेवारीच्या भाषणांतले, लग्नपत्रिकांतले. चांगले साठ-सत्तर झाले होते. आता ते वापरायची वेळ आली, असं आम्हाला वाटलं. दीड पान अर्ज झाला. 'परमपूज्य डेपो मॅनेजर साहेब यांच्या चरणी नतमस्तक होऊन, अश्रुपूर्ण नयनांनी, अंतःकरण पिळवटून टाकणाऱ्या हृदयद्रावक परिस्थितीत...' पुढं आमच्या उज्ज्वल भवितव्याचा सूर्य मावळतीला चालला होता, ज्ञानगंगा आटत होती, आणि शेवटी 'आपल्या कृपाकटाक्षाच्या प्रतीक्षेत' आम्ही पाचजणी सह्या करून उभ्या होतो. शैलानं मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा आमच्याच डोळ्यांत पाणी आलं. असला अर्ज वाचून मॅनेजर स्वतः गाडी चालवत येईल, अशी खात्री होती.

तीन आठवड्यांनी शाळेच्या पत्त्यावर उत्तर आलं. टाइप केलेलं, चार ओळींचं. 'आपला अर्ज मिळाला. सदर फेरीची पाहणी केली असता पुरेसे प्रवासी आढळले नाहीत. सबब सदर फेरी तूर्त बंद ठेवण्यात येत आहे. आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे.' आम्ही पाचजणी शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं जाऊन रडलो. सर तिकडून हात धुवायला आले. त्यांनी पत्र मागितलं, उभ्या उभ्या वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "तोंडं धुवा. तास हाय माझा."

वर्गात आले. पुस्तक उघडा म्हणाले नाहीत. त्या चार ओळी सुवाच्य अक्षरात फळ्यावर लिहिल्या आणि अंगठा झटकत म्हणाले, "हा आजचा धडा." पहिल्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, हे परीक्षेला हाय का?" सर म्हणाले, "ह्या पाचजणींच्या हाय."

तो तास मी जन्मात विसरणार नाही. मागच्या बाकावर संत्या म्हणून पोरगा बसायचा, वर्षभर फक्त हजेरीला तोंड उघडणारा. तो उठला. "सर, 'पुरेसे'वर अंगठा ठेवला."

"वाच."

"'प्रवासी आढळले नाहीत.'"

"काय पडलं?"

संत्या एकदम ओरडला, "सर, असं म्हणलं तर गाडी मोकळी व्हती! पण त्यांनी 'पुरेसे' घातलंय. म्हंजे माणसं व्हती, सर! कमी व्हती, पण व्हती!"

वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मग 'तूर्त'वर अंगठा. 'फेरी बंद ठेवण्यात येत आहे.' काय पडलं? शैला उठली. "सर, त्ये असताना दार नुसतं लोटलेलं हाय. काढलं तर कडी लागती." सरांनी 'तूर्त'भोवती खडूनं गोल केला. मग म्हणाले, "लिवलंय ते वाचलं. आता काय लिवायचं राहिलंय ते बघा." आम्ही पत्र पुन्हा वाचलं. पाहणी केली असता... केली असता... मी हात वर केला. "सर, कवा केली? दिवसच न्हाई लिवला." आणि पुरेसे म्हणजे किती? तेही नाही. तूर्त म्हणजे कुठपर्यंत? तेही नाही. चार ओळींत तीन भोकं सापडली!

शेवटची ओळ राहिली. 'आपल्या भावनांची नोंद.' पोरं हसायला लागली. सर म्हणाले, "हसू नका. ही ओळ त्यांनी एकदम खरी लिवलीय. तुमच्या अर्जाची नक्कल आणा." झालं! मी वही काढली. सरांनी मलाच वाचायला लावलं, एकेका शब्दावर अंगठा ठेवून. 'अश्रुपूर्ण', काय पडलं? काही नाही. 'हृदयद्रावक', काही नाही. 'नतमस्तक', काहीच नाही. 'ज्ञानगंगा' झाकली तर उलट वाक्य सरळ झालं. माझे कान तापले होते. अर्ज संपला तसं सरांनी शांतपणे विचारलं, "गाडी किती वाजताची?"

"सातची, सर."

"अर्जात दाखव."

मी शोधलं. वरपासून खालपर्यंत शोधलं. नव्हतं!

"गाव कुठलं?"

तेही नव्हतं. कशासाठी पाहिजे गाडी, किती मुली, काही म्हणजे काही नव्हतं. नुसत्या शाळेच्या पत्त्यावरनं डेपोनं आमची फेरी ओळखली होती. सरांना हसू आवरेना. चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "अगं दीड पान! दीड पानात गाडीच न्हाई! साहेबानं बिचाऱ्यानं भावनांची नोंद करू नये तर काय करावं?" सगळा वर्ग हसला आणि आम्ही पाचजणीही हसलो. टाकीमागं रडलो होतो त्याला दोन तासही झाले नव्हते.

नवा अर्ज सरांनी लिहून दिला नाही. आम्ही हात जोडले तरी नाही. "गाडी तुमची, शब्द तुमचे." म्हणून आम्ही लिहिलं. सकाळी सात वाजता आमच्या गावाहून घोडेगावला जाणारी गाडी दिवाळीनंतर बंद झाली आहे. त्या गाडीनं आम्ही पाच मुली शाळेत जातो. पुढची गाडी अकराला आहे, तोवर आमचे निम्मे तास झालेले असतात. आपल्या पत्रात पुरेसे प्रवासी आढळले नाहीत असं आहे, तरी पाहणी कोणत्या दिवशी केली आणि पुरेसे म्हणजे किती, ते कळवावं. गाडी तूर्त बंद आहे, ती कधीपर्यंत, तेही कळवावं. गाडी चालू करावी ही विनंती. शैलाचा हट्ट होता की 'कळकळीची विनंती' पाहिजेच. अंगठा ठेवून बघितलं. 'कळकळीची' काढल्यावर काही पडेना, 'विनंती' काढल्यावर अर्जच पडला. मग तिनंच तो शब्द खोडला. अर्ज अर्धं पानसुद्धा झाला नाही. मला भीती वाटली, एवढासा अर्ज कोण वाचणार?

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर सर आम्हाला डेपोत घेऊन गेले. पण फाटकाशीच थांबले. "तुमी आत जा. मी समोर चहा घेतो." टेबलावरच्या क्लार्कनं अर्ज वाचला, आमच्याकडं बघितलं, पुन्हा वाचला. "हे कुण्या वकिलानं लिवून दिलंय का?"

"न्हाई. आमीच लिवलंय," मी म्हणाले.

तो अर्ज घेऊन आत गेला, आणि साहेब स्वतः बाहेर आले. जाड माणूस, मिशा, बघूनच आम्ही एका रांगेत उभ्या राहिलो. त्यांनी रजिस्टर मागवलं. पानं उलटली. बोट एका तारखेवर थांबलं. त्यांनी ती वाचली, आणि शैला, जिला घरी पाहुण्यांसमोर तोंड उघडायची चोरी, ती पटकन बोलली, "साहेब, तवा दिवाळीची सुट्टी व्हती. शाळाच बंद व्हती. आमी गाडीत कशाला दिसू?"

साहेबांनी क्लार्ककडं बघितलं. क्लार्कनं पंख्याकडं बघितलं.

"बरं," साहेब म्हणाले, "आणि हे 'तूर्त' कुठनं काढलंत?"

"आमी न्हाई काढलं साहेब," मी म्हणाले, "तुमीच घातलंय."

ते आधी गंभीर राहिले. मग मिशा हलायला लागल्या. मग पोट. मोठ्यानं हसले आणि खुर्चीत बसले. "सोमवारपासून आठ दिवस गाडी सोडतो. रोज मोजणी होईल. माणसं भरली तर फेरी राहील. न्हाई भरली तर मग मला पत्र लिहू नका." आम्ही धावतच बाहेर आलो. सर दुसरा चहा घेत होते. आम्ही पाचजणी एकदम बोलत होतो, त्यांना काहीही कळलं नसणार. ते एवढंच म्हणाले, "बसा. भजी सांगितलीत."

रविवारी आम्ही गावात घरोघर फिरलो. वरच्या आळीत मी आणि शैला, खालच्या आळीत शैला आणि मी. प्रत्येक घरी ते चार ओळींचं पत्र वाचून दाखवलं. आबांना तर मी ते आधीच दहा वेळा वाचून दाखवलं होतं, त्यांचं पाठ झालं होतं.

सोमवारी सकाळी फाट्यावर गेलो आणि बघते तर काय! दूधवाले कॅन घेऊन उभे. मेथी-कोथिंबिरीच्या गाठोड्यांसकट चार बायका. गुडघा दाखवायला निघालेली शैलाची आजी, आणि तिचा हात धरून माझी चुलती. आणि सगळ्यात पुढं, माशांची पाटी डोक्यावर घेऊन, आबा. त्या दिवशी घोडेगावात बाजार नव्हता. त्यांचं तिकडं काहीही काम नव्हतं! गाडी आली. कंडक्टर कागद-पेन्सिल घेऊन दारात उभा, गर्दी बघून चाट पडला. "काय राव, जत्रा हाय का आज?"

आबा पायरीवर चढले, पाटी सावरली आणि म्हणाले, "जत्रा न्हाई पावणं. पुरेसे प्रवासी हायती. मोजा."

मी हे टाइप करतानासुद्धा खुर्चीतनं उठून एक फेरी मारून आले.

आठ दिवसांनी मोजणी संपली. गाडी राहिली. भाजीवाल्या बायकांना सकाळचं गिऱ्हाईक मिळायला लागलं, त्या काही गाडी सोडायला तयार नव्हत्या. त्याच सुमारास पिंपरी पेंढारच्या पावण्यांचा निरोप आला. आबा ओट्यावर बसून म्हणाले, "सांगा त्यांना, तूर्त न्हाई." मी आतनं बाहेर आले. "आबा, 'तूर्त'वर अंगठा ठेवा." त्यांनी माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि निरोप्याला म्हणाले, "बरं. नुसतं न्हाई म्हनून सांगा."

सरांनी या सगळ्याचा वर्गात उल्लेखसुद्धा केला नाही. मंगळवारी आले, "पुस्तक उघडा, अंगठा ठेवा," आणि धडा दुसरा, होता तिथनं पुढं. पोर्शन कधीच पुरा झाला नाही. तरी पुढच्या वर्षी बोर्डाच्या पेपरात न पाहिलेला उतारा आला तेव्हा संत्या बाहेर येऊन म्हणाला, "सोपा व्हता राव, एकच पान व्हतं!" आम्ही पाचही जणी पास झालो. मी पुढं बी. ए. केलं, आता पुण्यात डीटीपीचं काम करते, दिवसभर लोकांचे मजकूर हातांखालनं जातात. शैला जुन्नरला शिक्षिका आहे. तिच्या वर्गात काय चालतं ते सांगायला नकोच.

मागच्या रविवारी आम्ही दोघी निमगाव सावाला काकूंना भेटायला गेलो. सरांच्या पत्नी. आम्ही जेवलो, काकूंनी सरांची कांदा साठवायची चाळ दाखवली. मग म्हणाल्या, "ह्यांच्या पुस्तकांचं काय करू गं? रद्दीवाला दोनदा इचारून गेला. बघा तुमाला काय पायजे तर." आतल्या खोलीत, खिडकीखाली पत्र्याची पेटी होती. उघडली तर आत नुसती शाळेची मराठीची पुस्तकं. आठवी, नववी, दहावी. अभ्यासक्रम बदलला की नवं, तोवर तेच. मला वाटलं, मार्जिनमधे सरांच्या नोट्स असतील. एक पान उघडलं आणि मी पेटीशेजारी खालीच बसले.

मार्जिनमधे नावं होती. आमची. पोरांची. ज्या ओळीत ज्यानं काही नवीन शोधलं, त्या ओळीसमोर त्याचं नाव, पुढं गाव, आणि तो काय म्हणाला ते तीन-चार शब्दांत. काही पेन्सिलीनं, काही निळ्या शाईनं, काही काळ्या. एकेका वाक्याला चार-चार वर्षांच्या वर्गांतली पोरं चिकटलेली! काकू दारात उभ्या होत्या. "दर रविवारी बसायचे लिवत. मी म्हनायची, पोरांचंच लिवताय, सोताचं काय न्हाई का? तर म्हनायचे, माझं मला ठावं हाय."

नववीचं पुस्तक मी बाजूला ठेवलं. त्यात मी असणारच होते, नववीला मी शाळेत होतेच. मला दहावीचं, गाडी परत मिळाल्यानंतरचं बघायचं होतं. पहिला धडा, दुसरा परिच्छेद. 'वैशाली', आणि पुढं आमच्या गावाचं नाव. त्याच पानावर खाली 'शैला'. पान उलटलं, बाकीच्या तिघी. पाचही जणी पहिल्याच धड्यात. शैला माझ्या हातातनं पुस्तक ओढून पुढं उलटायला लागली आणि मोठ्यानं नावं वाचायला लागली. रेश्मा. मनीषा. प्रज्ञा. संगीता. पुढच्या वर्षीची, त्याच्या पुढच्या, त्याच्याही पुढच्या. प्रत्येकीपुढं आमचंच गाव. मी बोटं मोजत होते, दोन्ही हातांची संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

काकू आत आल्या, आमच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "ह्या समद्या पोरी तुमच्याच गावच्या व्हय?"

"हो काकू," शैला म्हणाली. "सातच्या गाडीच्या."

काकूंनी पुस्तक मांडीवर घेतलं. त्यांना फारसं वाचता येत नाही. एका नावावर बोट ठेवून विचारलं, "ही कोन?" शैलानं सांगितलं. पुढच्या नावावर बोट. "आन् ही?" असं करत करत त्यांनी सगळं पुस्तक विचारून घेतलं. मग सगळी पुस्तकं पेटीत होती तशी लावली, कडी घातली, आणि उठताना म्हणाल्या, "रद्दीवाल्याला येऊ नको म्हनून सांगते."